बरी होऊन घरी

डॉ. पांगरकरांना त्यांच्या शून्याचा भारी अभिमान होता. लोक पोराच्या मार्कांचं कौतुक सांगतात, हे शून्याचं सांगायचे. दरवर्षी एप्रिलात दवाखान्याचा अहवाल छापून आला की ते चष्मा कपाळावर सरकवत, तडक तिसरं पान उघडत आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून समोरच्याला दाखवत. २००३ सालच्या अहवालात तिथं असं होतं : अचानक उठलेल्या डोकेदुखीसाठी दाखल करून घरी पाठवलेले रुग्ण, चार वर्षांत, चारशे अठ्ठावीस. त्यांपैकी पुढे मेंदूत रक्तस्राव होऊन दगावलेले, शून्य.

ही ओळ टाइप करायची सत्यशीला. जालन्यात धान्याच्या मोंढ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या धर्मादाय दवाखान्याची रेकॉर्ड रूम ती चौदा वर्षं सांभाळत होती. मूळची वडीगोद्रीची, अप्पाराव गुरुजींची थोरली लेक, चाळिशीला टेकलेली, बोलायला फटकळ. गुरुजींनी गावच्या पोरांना पाढे शिकवले आणि घरच्या पोरीला उलटे प्रश्न विचारायला शिकवलं, असं वडीगोद्रीत म्हणत. दवाखान्यात तिला ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणत, पण माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण जुना कागद लागला की डॉक्टरापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना तिच्याच दारात यावं लागायचं.

तिच्या खोलीत १९९९ साली कंप्युटर आला. दवाखाना चालवणाऱ्या शेठजींच्या मुंबईकडच्या एका नातलगाचा भाऊ ऐन चाळिशीत मेंदूतला फुगा फुटून गेला होता. त्या दुःखात त्या माणसानं दवाखान्याला कंप्युटर दिला, औरंगाबादच्या एका मेंदूच्या सर्जनला गरिबांची ऑपरेशनं फुकट करायला राजी केलं आणि एकच अट घातली. डोक्याचं दुखणं घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायची आणि त्याचं पुढं काय झालं ते दरवर्षी कळवायचं. मेलेल्या भावाच्या नावानं देवळाला पायरी बसवणारे पुष्कळ असतात. भाऊ कशानं मेला हे विचारत राहणारा विरळा.

फुगा म्हणजे काय, ते त्या सर्जननीच सत्यशीलाला समजावून सांगितलं होतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी पातळ पडते आणि तिथं फुगा धरतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला धरतो तसा. फुटायच्या आधी कधीकधी तो जरासा पाझरतो. तेव्हा डोकं असं उठतं की जन्मात कधी दुखलं नसेल. उलट्या होतात, मान धरते. मग दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं, माणूस उठून कामाला लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांत फुगा खरोखरचा फुटतो. मधल्या त्या दिवसांत कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला तर माणूस वाचतो. फुटल्यावर आणला तर बहुतेक वेळा नुसता कागद करायचा उरतो.

आता डोकं कुणाचं दुखत नाही? सीटी स्कॅनचं मशीन औरंगाबादला, दवाखान्याची गाडी एकच. म्हणून पांगरकरांनी नियम केला होता. हातपाय हलतात, बोलणं नीट आहे, रक्तदाब ठीक आहे, तर दोन दिवस ठेवायचं, सुई द्यायची आणि घरी पाठवायचं. नियम चुकीचा असता तर घरी पाठवलेल्यांतलं कुणीतरी मरणाच्या दारात परत आलं असतं. तसं झालं की कंप्युटरनं ते दाखवावं, अशीच सोय होती. नवा रुग्ण आला की मशीन जुन्या नोंदींतून नाव, गाव आणि वय शोधायचं आणि माणूस तोच निघाला तर दोन्ही नोंदी एकमेकींना बांधायचं. कुणी परत आलं नाही की पुढच्या रकान्यात सत्यशीला तीन शब्द टाकायची, ‘बरी होऊन घरी’. पुरुष असला तर ‘बरा’.

जूनमध्ये एका सकाळी खिडकीवर रामकिसन नावाचा माणूस आला. हसनाबादचा शेतकरी, तिशीचा, दाढी वाढलेली. त्याला बायकोचा कागद हवा होता. सत्यशीलानं नाव विचारलं, त्यानं उषाबाई सांगितलं. मशीननं लगेच एक नोंद काढली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बेशुद्ध आणलेली, मेंदूत रक्तस्राव, चार तासांत मयत. तिनं तो कागद काढून दिला, तर त्यानं मान हलवली.

“ह्यो न्हाई. ह्याच्या आधीचा. भाऊबीजेला माहेरी गेल्ती, तिथून आणल्ती इथं. दोन रोज ठुली अन् सोडलं.”

तिनं पुन्हा शोधलं. नव्हतं. कंप्युटरमध्ये नाही म्हणजे ती आलीच नव्हती, असं तिनं ठासून सांगितलं. आपल्या मशीनवर तिचा तेवढा विश्वास होता. तो गेला नाही. समोरच्या बाकावर बसला. दुपारी जेवायच्या सुट्टीत खिडकी लावताना तिनं पाहिलं, तो तिथंच होता. तिनं जरा नरमाईनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बायको घरात एकाएकी कोसळली तेव्हा जवळ हा एकटाच होता. माहेरचे म्हणत होते की आमच्याकडून लेक धडधाकट गेली, यानंच काहीतरी केलं.

“लोक म्हणून राह्यले की म्या तिच्या डोक्यात काठी घातली. सात वर्षांची पोरगी हाय माझी, ती बी पाहून राह्यली माझ्याकडं. मला त्यो कागद पाह्यजे ताई.”

कुठून आणली होती, असं तिनं विचारलं. टेंभुर्णीहून, सासऱ्यानं. सासऱ्याचं नाव कडूबा. आणि मग त्यालाच काही आठवल्यासारखा तो म्हणाला की तिच्या माहेरी तिला उषा कुणी म्हणत नाही, झुंबर म्हणतात.

सत्यशीलानं उभ्याउभ्याच टाइप केलं. झुंबरबाई कडूबा, टेंभुर्णी, वय चोवीस. अचानक डोकेदुखी, दोन उलट्या, मान अवघडलेली. दोन दिवसांनी बरी होऊन घरी. खाली नोंद करणाऱ्याच्या आद्याक्षरात ‘स. अ.’ होतं, म्हणजे तीच. दोन्ही नोंदींत नऊ दिवसांचं अंतर होतं.

तिनं दोन्ही कागदांच्या प्रती काढून, सही-शिक्का करून त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या बोट लावून लावून वाचल्या. “म्हंजी डॉक्टरानं पाह्यली होती,” तो म्हणाला. “पाहून घरी जा म्हणले.” तो गेल्यावर ती जेवली नाही.

विचार करायला लागल्यावर मात्र तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, कारण यात गुपित असं काहीच नव्हतं. जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून बाई दोन नावांनी जगते. दवाखान्याच्या खिडकीवर तिला कुणी नाव विचारत नाही, आणणाऱ्याला विचारतात. बाप आणतो तो आपण ठेवलेलं नाव सांगतो आणि पुढं स्वतःचं लावतो. नवरा आणतो तो आपलं सांगतो. नाव बदललं, गाव बदललं, तालुकासुद्धा बदलला. वयाचं तर बोलूच नका. बापाला लेक नेहमी लहान वाटते आणि सासूला सून नेहमी थोराड.

आणि सासरी असताना बाईचं डोकं दुखलं म्हणून दवाखाना गाठतो कोण? चटणी-भाकरीच्या धबडग्यात कपाळाला फडकं बांधून ती तशीच रेटते. पंचमीला, राखीला, दिवाळीला माहेरी आली की भाऊ-बाप तिला घेऊन येतात. पुढं दुखणं वाढायची चिन्हं दिसली की हेच भाऊ-बाप तिला घाईघाईनं सासरी पोचवतात, कारण लेक दिल्या घरची, तिचं बरंवाईट आपल्या उंबऱ्यात व्हायला नको. म्हणजे पहिला कागद माहेरचा आणि शेवटचा सासरचा, हे जवळजवळ ठरलेलंच. पुरुषाचं डोकं असं दुखलं तर घरचेच औरंगाबादचा हट्ट धरायचे. चारशे अठ्ठावीसांत साडेतीनशेच्या वर बायकाच होत्या. पांगरकरांचं शून्य असं पिकलं होतं. पिकवणारी अर्थात सत्यशीलाही होतीच.

नावानं जुळणार नव्हतं, तर कशानं जुळेल? दवाखान्याच्या कागदावर एक जुना रकाना होता, ‘ओळखीची खूण’. तो पोलीस केससाठी असतो, पण छापखान्यानं सगळे कागद एकाच साच्यात छापले होते आणि वॉर्डातल्या दुर्गाबाई सिस्टर कागद कोरा ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रत्येक बाईच्या अंगावरचा तीळ, डाग, व्रण त्या इमानानं लिहायच्या. कंप्युटर बसवणाऱ्या शहाण्यांनी तो रकाना निरुपयोगी म्हणून गाळला होता. सत्यशीलानं घरी पाठवलेल्या सगळ्या बायकांचे कागद खाली उतरवले, दुसऱ्या बाजूला रक्तस्रावानं मेलेल्या एकतीस बायकांचे लावले आणि रोज काम आटोपल्यावर दोन तास बसून खुणा वाचू लागली. डाव्या तर्जनीवर विळ्याचा व्रण, हा तर ज्वारी सोंगणाऱ्या निम्म्या बायकांना असतो. म्हणून एक खूण जुळली तरी ती धरायची नाही, निदान दोन जुळायला हव्यात, असं तिनं ठरवलं. करंगळीचं पेर नसलेली आणि हनुवटीखाली भाजलेली. कानाची पाळी फाटलेली आणि उजव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांचे वण. तीन आठवड्यांत झुंबर धरून सात जोड्या लागल्या. मग दोन रविवार एसटीनं हिंडून तिनं सातही घरी विचारलं. सातही घरी ते खरं निघालं. एका घरात म्हाताऱ्या आईनं तिला चहा पाजला आणि विचारलं की दवाखान्यातून आठवण काढून कुणी आलं, म्हणजे काही नवीन औषध निघालं का.

जुलैच्या मध्यावर ती सात जोड्या घेऊन पांगरकरांच्या केबिनमध्ये गेली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. तीस वर्षं या गावात राहिले होते, पुण्यात बंगला बांधला नव्हता, गरिबाला उपाशीपोटी गोळी देऊ नका म्हणून नर्सांवर ओरडायचे. पण शून्याला हात लागला आणि त्यांचा चेहरा बदलला. विळ्याचे वण आणि भाजल्याचे डाग म्हणजे पुरावा नव्हे, असं ते म्हणाले. सप्टेंबरात औरंगाबादला डॉक्टरांच्या सभेत ते याच आकड्यांवर बोलणार होते, आमंत्रणं गेली होती. ते झाल्यावर नंतर बघू. ती निघताना त्यांनी हेही विचारलं की ती डॉक्टर कधी झाली. ‘नंतर बघू’ ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या दिवशी ती जोड्या उचलून जागेवर परत आली. याचं तिला पुढं बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

नंतर बघायची वेळ पंचमीनंतरच्या बुधवारी आली. परतूरकडच्या एका खेड्याचा बद्रीनाथ बहिणीच्या रजेच्या कागदावर शिक्का घ्यायला खिडकीवर उभा राहिला. रेकॉर्ड रूमचा शिक्का असल्याशिवाय वॉचमन कुठल्याही रुग्णाला फाटकाबाहेर सोडत नसे. कागदावर लिहिलं होतं : सोनूबाई, वय तीस, अर्धशिशी, घरी. सत्यशीलानं शिक्का उचलला, आणि हल्ली लागलेल्या सवयीनं आतलं पान उलटलं. पंचमीच्या झोक्यावर असताना एकाएकी मागून कुणी दगड घातल्यासारखं डोकं उठलं. तीन उलट्या. मान ताठ. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी.

तिनं शिक्का खाली ठेवला. बहीण कुठं आहे, असं तिनं विचारलं. ती बाहेर बाकावर आडवी होती, डोळ्यांवर पदर ओढून. सत्यशीला तिच्याजवळ उकिडवी बसली आणि सासरचं नाव विचारलं. द्वारकाबाई, ती म्हणाली. सासर मंठ्याकडं. वय चौतीस. मान खाली वाकवता येते का? तिनं वाकवून पाहिली, आणि ओठ दाबून नाही म्हणाली.

सत्यशीला उठली. शिक्का तिनं कनवटीला खोचला, कपाटातून सात जोड्या काढल्या आणि सरळ ओपीडीत शिरली. चाळीसेक माणसं रांगेत होती. पांगरकर एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते. तिनं त्या म्हाताऱ्याला हात जोडले, दोन मिनिटं मागितली आणि द्वारकाबाईला सोडू नका, औरंगाबादला पाठवा, असं सांगितलं. पांगरकरांनी मान वर न करता सांगितलं की शिक्का मार आणि जागेवर जा.

“न्हाई मारणार,” ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी वडीगोद्री यायची.

पांगरकरांनी नळी कानातून काढली. सत्यशीलानं एकेक जोडी टेबलावर मांडायला सुरुवात केली आणि मांडताना मोठ्यानं सांगत गेली. ही टेंभुर्णीची झुंबर, हसनाबादची उषाबाई, नऊ दिवस. ही दुसरी, तेरा दिवस. तिसरी सहा दिवस, पोटुशी होती. टेबल भरलं तेव्हा उरलेली जोडी तिनं त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्रावर ठेवली.

“बाहेर पेशंट खोळंबलेत,” पांगरकर म्हणाले.

“ह्या सातजणी बी अशाच रांगेत होत्या, सर. आठवी बाहेर बाकावर आहे.”

“आणि स्कॅनमध्ये काही निघालं नाही तर?”

“तर मला काढून टाका. लिहून देते.”

ती खरंच लिहायला बसली. तिथंच, एका केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर. काही न निघाल्यास मी राजीनामा दिला असे समजावे. सही केली, तारीख टाकली. तिच्या नवऱ्याच्या शाळेला तीन वर्षं अनुदान नव्हतं आणि घर तिच्या पगारावर चालत होतं, हे पांगरकरांना माहीत होतं. तो कागद बघून त्यांना आणखीच राग आला. त्यांनी औरंगाबादची चिठ्ठी फराफरा लिहिली, तिच्याकडं भिरकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की संध्याकाळी कोरी फिल्म माझ्या टेबलावर आणून ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस. चिठ्ठी रागानं लिहिली काय नि प्रेमानं लिहिली काय, मशीनला ती सारखीच चालते. तिनं उचलली.

पण गाडी दारात लागली तर बद्रीनाथ आडवा उभा. माणूस भला होता, बहिणीसाठी दोन रात्री जमिनीवर झोपला होता, पण औरंगाबाद म्हटल्यावर तो घाबरला.

“आधी दाजीला इचारतो ताई. मंठ्याला नेतो, अन् बराबर परवा घेऊन येतो. हिचं काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई.”

सत्यशीलानं समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. तो मान खाली घालून एकच पालुपद धरून होता, आधी दाजी. शून्यापुढं बोलता येतं, डॉक्टरापुढं बोलता येतं, या भल्या माणसाच्या भीतीपुढं काय बोलावं हे तिला उमजेना. तेवढ्यात बाकावरचा पदर हलला.

“दाजीला काय इचारतो रे?” द्वारकाबाई म्हणाली. डोळे तिनं उघडले नव्हते. “डोकं माझं हाय.”

“अक्का, तसं न्हाई—”

“तसंच हाय. मला परत पोचवायची घाई झाली तुला. मी काय उसनं आणलेलं भगुलं हाये का?”

ती भिंतीला धरून उठली आणि स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेली. बद्रीनाथ पिशवी घेऊन तिच्या मागं चढला. सत्यशीला पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. शिक्का अजून तिच्या कनवटीला होता.

फिल्म कोरी निघाली नाही. मेंदूच्या बुडाशी रक्ताचा पांढरा पट्टा सत्यशीलालासुद्धा दिसला. दोन दिवसांनी सर्जननी फुगा शोधला, हरभऱ्याएवढा होता, आणि त्याच्या मानेला चिमटा लावला. अकराव्या दिवशी टाके निघाले. मंठ्याहून दाजी आले, रागावले, मग रडले आणि बायकोला घेऊन गेले. सर्जन सत्यशीलाला म्हणाले की आणखी आठवडा गेला असता तर या बाईचा चेहरा मी पाहिला नसता.

पांगरकरांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पाकिटात घातली. त्या दुपारी सत्यशीलानं कंप्युटरमध्ये ओळखीच्या खुणेचा रकाना घातला, सात जोड्या एकमेकींना बांधल्या आणि सभेसाठी निघालेल्या कागदावर शून्याच्या जागी सात लिहिलं. कुणाची परवानगी तिनं विचारली नाही.

चार दिवसांनी तिला मेमो मिळाला. रुग्णांसमक्ष आदेश धुडकावला, दवाखान्याचा शिक्का अनधिकाराने बाहेर नेला, जागा सोडून गेली, अहवालाचे आकडे परस्पर बदलले. तीन दिवसांत लेखी माफी न दिल्यास कामावरून कमी करण्यात येईल. खाली वैद्यकीय अधीक्षक म्हणून पांगरकरांची सही होती. रुग्ण वाचला हे वेगळं, शिस्त वेगळी, असं त्यांनी दुर्गाबाई सिस्टरना म्हणे सांगितलं होतं.

सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला. दोन ओळी खरडून दे, तुझं काय जातंय. डॉक्टरांचाही मान राहील, तुझीही नोकरी राहील. दुर्गाबाई तर मसुदा तयार करूनच घेऊन आल्या. घरी नवरा काही बोलला नाही, पण त्याच्या न बोलण्यातही त्या दोन ओळीच होत्या. सत्यशीला दोन दिवस त्या दोन ओळी मनात घोळवत राहिली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण खोलीत कागद लावताना दरवेळी तिचं बोट त्या सातांतल्या एखादीवर पडे आणि खालची ‘स. अ.’ अक्षरं दिसत. कुणाची माफी मागायची ते तिला आतून माहीत होतं. मेमो काढणाऱ्यालाच ते नीट समजलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन प्रतींत लिहिलं आणि केबिनमध्ये नेऊन दिलं. पांगरकरांनी वाचायला घेतलं.

‘आपण माफी मागण्यास कळवले आहे. मी माफी मागते. उषाबाई रामकिसन, हसनाबाद, माहेरच्या झुंबरबाई कडूबा, टेंभुर्णी, यांची.’ त्याखाली आणखी सहा जणींची नावं होती, प्रत्येकीची दोन्ही. ‘या सात जणींच्या नावापुढे बरी होऊन घरी हे शब्द मी माझ्या हाताने टाइप केले. त्या बऱ्या झाल्या होत्या की नाही हे मी पाहिले नाही. मशीन सांगेल ते खरे धरले. नावे दोन असतात हे मला जन्मापासून माहीत असून मी ते कामाच्या वेळी विसरले. त्याबद्दल मी त्यांची व त्यांच्या लेकरांची माफी मागते. शिक्का न मारल्याबद्दल माफी मागणार नाही.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मग चष्मा काढून ते जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, “यात मी कुठंच नाही. ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून’ असं लिहिता आलं असतं तुला. ते खरं होतं.”

“तुमची माफी तुम्ही मागायची, सर,” सत्यशीला म्हणाली. “माझ्या कागदावर तिला जागा न्हाई.”

तिनं दुसरी प्रत पुढं सरकवली आणि मिळाल्याची सही मागितली. कागद तळापर्यंत भरला होता, म्हणून त्यांनी सहीसाठी नावांशेजारच्या समासात पेन टेकवलं. तिनं तळहात मध्ये ठेवला.

“सही मागच्या बाजूला करा. आणि मला काढायचं असेल तर त्याचं पत्र वेगळं द्या. यावर लिहू नका. हा कागद त्या सातजणींचा आहे.”